देवरेबाईंचं झुंबर

हे कोणाच्या हाती पडलंच तर त्याने माझं वेडंवाकडं अक्षर आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घालाव्यात. माझी शाळा चौथीपर्यंत झाली, तीही भातलावणीचे दिवस वगळून. त्यानंतर हातात पेन आलं ते कॅलेंडरवर दुधाचे खाडे मांडायला. ओळ सुरू होते सरळ आणि शेवटाकडे उतरत जाते. मला तोंडाने सांगायला जमत नाही. चार माणसं समोर आली की घसा कोरडा पडतो. पण देवरेबाईंबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही, म्हणून कागदाला सांगते आहे.

देवरेबाई पाणी पिण्याआधी पेला खिडकीच्या उजेडाला धरायच्या. एकदा या बाजूने बघायच्या, एकदा त्या बाजूने, मग "कोणी नाही" असं म्हणायच्या आणि प्यायच्या. घरचं पाणी असो की लग्नातली बंद बाटली, हा नेम चुकायचा नाही. पाहुण्याच्या पेल्यालाही तसंच. एकदा वरच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "अहो बाई, आणि कोणी असलं तर काय कराल?"

बाई म्हणाल्या, "आधी नाव विचारीन."

त्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. मी त्यांच्याकडे कामाला लागले तेव्हा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. लग्न केलं नव्हतं. नाशिकला, सातपूरच्या एका कॉलनीत तळमजल्यावर दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. मूळच्या सटाण्याकडच्या. बोलणं एरवी पुस्तकासारखं, पण फार आनंद झाला की आतली अहिराणी वर यायची. 'काय आहे'चं 'काय शे' झालं की समजावं, आज बाई खूश आहेत. त्यांच्याकडे मी स्वयंपाक आणि वरकाम धरलं. आमचे मालक अंबडला कंपनीत पाळीवर जातात, मुली लग्न होऊन आपापल्या घरी गेल्या, मला दुपारचा वेळ होता.

पहिल्याच दिवशी स्वयंपाकघराच्या खिडकीत मला पाच-सहा बरण्या दिसल्या. सगळ्यांत गढूळ, हिरवट पाणी. म्हातारीला नीट दिसत नाही असं काम लावून देणारीने सांगितलंच होतं. ही बिचारी हे पाणी पिते की काय? आमच्या हरसूलकडे पाणी गढूळ झालं की त्यात तुरटी फिरवतात. मी डबे धुंडाळून तुरटीचा खडा काढला, प्रत्येक बरणीत सात-आठ वेळा फिरवला, तोंडाला फडकं बांधलं आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी पाणी काचेसारखं निवळलेलं. मला फार बरं वाटलं.

बाई आत आल्या, एक बरणी उजेडाला धरली आणि तशाच उभ्या राहिल्या.

"हे कोणी केलं?"

"मी बाई. तुरटी फिरवली."

"का गं?"

"घाण होती ना पाण्यात."

त्या खुर्चीवर बसल्या. मला वाटलं, काम गेलं. पण त्या म्हणाल्या, "तळ्याची चार महिन्यांची वस्ती होती ती. बरं, आता रडून काय होणार? कोण कोण वाचलंय ते तरी बघू."

तळाचा गाळ त्यांनी काचेच्या नळीने उचलला, थेंब एका काचेच्या पट्टीवर ठेवला आणि मेजावरच्या काळ्या यंत्राखाली सरकवला. तो मायक्रोस्कोप. बाईंनी त्याला डोळा लावला. मान डावीकडे केली, उजवीकडे केली. बराच वेळ तसंच चाललं होतं. मग त्या मागे सरकल्या आणि चष्मा पुसायला लागल्या, पण चष्मा तर स्वच्छ होता.

नंतर मला कळलं की त्यांच्या डोळ्यांत मधोमध डाग पडला होता. कडेचं दिसायचं, मधलं नाही. "मला तुझे कान दिसतात," त्या म्हणायच्या, "नाक दिसत नाही. नाक असेल असं धरून चालते." डोळ्यात इंजेक्शनं घेऊन झाली होती. गेलेलं परत येणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. रस्ता, भिंत, माणूस एवढ्यापुरतं चालून जायचं. मायक्रोस्कोपात मात्र जे बघायचं ते नेमकं मधोमधच असतं.

"तू ये," त्या म्हणाल्या. "डोळा लाव. बोल, काय दिसतं?"

मी डोळा लावला. "काळे लांब केस आहेत बाई. रांगेने. हलतायत."

"हलतायत? कसे?"

"मी डोळे मिटले की हलतात."

बाई इतक्या हसल्या की ठसका लागला. "अगं, त्या तुझ्या पापण्या! पहिल्याच दिवशी स्वतःला शोधून काढलंस."

तुरटीतून त्या दिवशी कोणी वाचलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी बाईंनी मला बरोबर घेतलं आणि आम्ही कॉलनीमागच्या जुन्या दगडखाणीवर गेलो. खाण बंद पडून तिथे तळं झालं होतं. म्हशी बसायच्या, कडेला शेवाळ. बाईंकडे जुन्या नायलॉनच्या ओढणीची एक निमुळती पिशवी होती, तारेच्या कड्याला शिवलेली. तिच्या टोकाला औषधाची छोटी बाटली बांधलेली. दोरी धरून ती पाण्यात फेकायची आणि हळूहळू ओढायची. पाणी ओढणीतून निघून जातं, वस्ती बाटलीत उतरते. म्हशी राखणारा म्हातारा म्हणाला, "बाई, मासळी घावली का?" बाईंनी बाटली उंच धरून सांगितलं, "पुष्कळ. पण कालवण होणार नाही."

असं माझं खरं काम सुरू झालं. भाकरी करून झाली, भांडी आवरली की मेजाशी बसायचं आणि काय दिसतं ते सांगायचं. सांगायचं म्हणजे काय, मला तोंडच उघडत नसे. आमच्या शाळेत गप्प बसणारी मुलगी शहाणी समजत. सासरी तेच. बाई विचारत, "लांबट आहे का?" मी म्हणे, "हो." "केस आहेत का कडेने?" "हो." "फिरतो का गरगर?" "हो बाई." माणूस मोठं, शिकलेलं, ते विचारतंय म्हणजे तसंच असणार, असं माझं धोरण.

दोन-तीन दिवस हे चाललं. मग एका दुपारी बाईंनी विचारलं, "पुढे दोन शिंगं आहेत?"

"हो बाई."

"आणि डोक्यावर लाल टोपी?"

"हो बाई."

"गोंडा कुठल्या बाजूला आहे?"

मी जरा थांबले. "उजव्या."

बाईंनी मेजावर हात आपटला. "अगं, पाण्यातला किडा टोपी घालतो होय? लग्नाला निघालाय का तो?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्या रागावल्या नाहीत. खुर्ची जवळ ओढून म्हणाल्या, "हे बघ. माझ्याकडे डोळे नाहीत आणि तुझ्याकडे आहेत. तू 'हो' म्हटलंस तर मी तो तसाच समजणार. मग तळ्यात टोपीवाले किडे राहायला लागतील. तुला दिसेल तेच सांग. मला आवडेल ते सांगू नकोस."

त्यांची पद्धत अशी होती. "आधी चाल सांग," त्या म्हणायच्या. "मग तोंड. मग डोळा. नाव सगळ्यांत शेवटी. नाव कुठे पळून जात नाही, किडा पळून जातो." म्हणून मी चाल बघायला शिकले. एक जण अगदी चपलेच्या तळव्यासारखा, तो स्वतःभोवती फिरत पुढे सरकायचा. एक जण पानाच्या देठासारखा ताणला जायचा आणि परत गोळा व्हायचा. काही इतके पळायचे की नजर पुरायची नाही. त्यांना अडवायला बाई थेंबात कापसाचे तंतू टाकायच्या, कुंपण म्हणून. त्यांच्या हातून कापसाचा बोळाच पडायचा. मी देवाच्या वाती वळते, मला कापूस पिंजायची सवय. मी चिमटीत धरून दोन तंतू असे ओढले की ते हवेतही दिसेनात. त्या कुंपणात सगळे गुमान अडकले. बाईंनी बोटांनी चाचपून पाहिलं, त्यांना काही लागलंच नाही. म्हणाल्या, "हे मला चाळीस वर्षांत जमलं नाही." पुढच्या आठवड्यात मला त्यांनी जिऱ्यामोहरीच्या यादीत कापूसही आणायला सांगितला.

एक प्राणी मला फार आवडायचा. काडीवर लावलेल्या पांढऱ्या घंटेसारखा, शेवाळाच्या धाग्यावर ओळीने उभा. मेजाला जरा धक्का लागला की सगळ्या घंटा एकदम खाली. काडीची स्प्रिंग होऊन जायची. मग कितीतरी वेळाने एकेक हळूच वर यायची. मी सांगितलं तेव्हा बाई म्हणाल्या, "ती तुझी बहीण. दाराची घंटा वाजली की तूही अशीच आत पळतेस."

आणि तो एकडोळ्या. त्याचं बाईंनी ठेवलेलं नाव. मी सांगितलं, "नवा ड्रायव्हर एसटी चालवतो तसा हिसके देत चालतो बाई. थांबतो, हिसका. थांबतो, हिसका. शेपटीला दोन्हीकडे द्राक्षाचे घोस लटकवलेत. कपाळावर मधोमध एकच डोळा, कुंकवासारखा."

"घोस म्हणजे अंडी. ती बाई आहे." मग त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे पाणी गाळून प्यायचे ना?"

आमची आई जुन्या लुगड्याची दुहेरी घडी हंड्यावर टाकून पाणी गाळायची. माझ्या आजोबांना नारू झालेला. नडगीतून पांढरा दोरा बाहेर यायचा, तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचे. आजोबा दात खाऊन बसायचे ते मला आठवतं. मी हे सगळं बाईंना सांगितलं. एवढं लांब मी कोणाशी पहिल्यांदाच बोलले असेन.

"तो नारू ह्याच्या पोटातून यायचा," बाई म्हणाल्या. "नारूचं पिल्लू हा गिळायचा आणि ह्याला माणूस गिळायचा. तुझ्या आईच्या फडक्यात हा अडकायचा. आता तो रोग राहिला नाही."

मी परत डोळा लावला. तो हिसके देत चालला होता. केवढासा तो! आई गेली तरी तिला माहीत नव्हतं की रोज सकाळी ती कोणाला अडवत होती. विचारलं की म्हणायची, माझी आई गाळायची म्हणून मी गाळते. त्या दिवसापासून मला घाई व्हायला लागली. सकाळी भाकऱ्या थापताना मनात यायचं, आज थेंबात कोण असेल? मालक चिडवायचे, "काय, आज किती किडे झाले? तांदळातले निवडायला टाइम नाय, तळ्यातले बघती." पण मी सांगायला लागले की जेवता जेवता ऐकायचे.

पुढे अडचण आली ती पुस्तकाची. मायक्रोस्कोपात मला नीट दिसायचं, पण बाईंच्या पुस्तकात जी बारीक चित्रं होती ती सगळी धूसर. पुस्तक हातभर लांब धरलं तरी तेच. बाई मला चष्म्याच्या दुकानात घेऊन गेल्या. पैसे त्यांनीच भरले. मी म्हटलं, "बाई, तुमचे लय उपकार."

"उपकार नाहीत," त्या रस्त्यातच थांबून म्हणाल्या. "दर महिन्याला शंभर कापणार आहे. फुकटचा चष्मा लावून माणूस 'हो हो' म्हणायला लागतं. मिंध्या माणसाला खरं दिसत नाही."

मला तेव्हा ते जरा लागलं. एवढ्या मोठ्या बाई, शंभर रुपयांसाठी अडून बसतात. पण त्यांनी खरंच कापले, एकही महिना न सोडता.

चष्मा आल्यावर मी भिंतीवरचं ते चित्र पहिल्यांदा नीट पाहिलं. रोज पुसत होते, मला ते झेंडूचं फूल वाटायचं. जवळून बघितलं तर पाकळ्या नव्हत्याच. प्रत्येक पाकळीला तोंड होतं आणि तोंडाशी चाक. ह्या चाकवाल्यांना मी ओळखत होते. तोंडाशी केसांचं वर्तुळ असतं, ते असं फिरतं की गिरणीचा पट्टा फिरतोय असं वाटतं. पण ते एकेकटे असतात. इथे पन्नासएक जण शेपट्या मध्ये जोडून, तोंडं बाहेर करून गोल झालेले.

"ते माझं झुंबर," बाई म्हणाल्या.

विद्यार्थिनी असताना सुट्टीत त्या गावी गेल्या होत्या आणि तिथल्या बंधाऱ्याच्या पाण्यात त्यांना ते दिसलं. हे चित्र त्यांनी तेव्हाच काढलेलं. पाणी बाटलीत घालून कॉलेजला नेलं, तर थेंबात काहीच नाही. सर म्हणाले, देवरे, तुम्ही हिरवा गोळा पाहिला असेल. हिरवा गोळा नावाची एक वेगळी वनस्पतीसारखी वस्ती असते, तीही गोल आणि तीही गडगडत चालते. वर्गातली मुलं हसली. पुढे कित्येक दिवस मुलं त्यांना 'झुंबर' म्हणायची.

"मग ते खोटं होतं?" मी विचारलं.

"छे. पुस्तकात आहे ते. जगात आहेच. मी पाहिलं का, एवढाच प्रश्न आहे." त्यांनी चित्राच्या कडेवरून बोट फिरवलं. "आता तर मलाच कधी कधी वाटतं, हिरवा गोळाच असेल. वीस वर्षांची होते, झुंबर दिसावं असं वाटत होतं, दिसलं. त्यानंतर प्रत्येक पाण्यात शोधलं. परत एकदा दिसलं असतं तर ते फिरतं कसं ते मला कळलं असतं, आणि तेव्हाचं खरं की खोटं ते ठरलं असतं. आता डोळेच गेले."

त्या दिवसापासून आम्ही दोघी झुंबर शोधायला लागलो, तसं न बोलता.

पाऊस उघडल्यावरचे दिवस होते. खाणीच्या पाण्याचा थेंब मी ठेवला आणि डोळा लावला. एक गोल चेंडू गडगडत आला.

"बाई, गोल आहे."

"गोल?"

"चेंडूसारखा. सावकाश फिरत चाललाय."

बाईंची खुर्ची सरकली. त्या माझ्या अगदी खांद्याशी आल्या. "काय शे? दख बरं नीट. काय शे ते? एकत्र जमलेत ना? शेपट्या आत शेत ना? चाकं फिरतायत ना?"

मी बघत होते. मला चाकं बघायची होती. देवाशपथ, मी इतकं कधी काही बघायचं म्हणून बघितलं नव्हतं. बाईंचा हात माझ्या पाठीवर होता, तो गार पडला होता. कडेला काहीतरी थरथरत होतं. ती चाकं असतील का? एक 'हो' म्हटलं असतं तर त्या म्हातारीचं सगळं आयुष्य गोड झालं असतं. तपासायला दुसरं कोणी नव्हतं.

"चाकं नाहीत बाई," मी म्हटलं. "जाळी आहे. जाळीवर हिरवे ठिपके आहेत. आत लहान लहान हिरवे गोळे आहेत."

"नीट बघितलंस?"

"हो बाई. नाहीत."

पाठीवरचा हात निघाला. "हिरवा गोळा," त्या म्हणाल्या आणि आत जाऊन पडल्या. मी चहा ठेवला तो तसाच गार झाला. घरी येऊन मी मालकांना सांगितलं. ते म्हणाले, "येडी का काय तू? हो म्हणायचं ना! तुझं काय जात होतं?" मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंनी दार उघडलं. मी चप्पल काढत होते, तेवढ्यात म्हणाल्या, "काल लाल टोपी मीच घालत होते तुझ्या किड्याला. बरं झालं, तू घालू दिली नाहीस." मग लगेच विचारलं, "आज भाजी काय?"

त्यानंतर खाणीत भराव पडायला लागला. ट्रकमागून ट्रक माती. म्हशी गेल्या, तळं गेलं, प्लॉट पाडल्याच्या खुणा आल्या. बाईंचं कडेचं दिसणंही कमी झालं. एकदा गॅस चालू राहिला, तेव्हा त्यांचा पुतण्या येऊन त्यांना गावी घेऊन जायला निघाला. सामान बांधताना झुंबराचं चित्र त्यांनी बरोबर घेतलं आणि मायक्रोस्कोप माझ्या हातात दिला.

"बक्षीस नाही हं हे. तुझ्याकडे ठेवलाय. बघत राहा. आणि चष्म्याचे दोनशे राहिलेत. ते मी सोडले असं समजू नकोस."

"आता देते बाई, उसने आणून."

"आता नको. गावी आणून दे. आल्याशिवाय कशी देशील?"

त्या वर्षी मी भावाकडे हरसूलला गेले तेव्हा पिशवीत कपड्यांच्या आत मायक्रोस्कोप होता. तो आरशावरच्या उजेडाने चालतो, त्याला वीज लागत नाही. गावाबाहेरच्या पाझर तलावात मी बाईंच्यासारखीच शिवलेली ओढणीची पिशवी फेकली. बाटली उजेडाला धरली. पाण्यात वरीच्या दाण्यासारखे पांढरे कण होते आणि ते गडगडत होते.

मी अंगणात ओट्यावर यंत्र मांडलं आणि डोळा लावला. हिरवं काही नव्हतं. काचेसारखा स्वच्छ गोळा. मी आधी चाल बघितली. सावकाश, स्वतःभोवती, जशी जत्रेतली पाळण्याची चाकं सुरू होताना फिरतात. मग तोंडं बघितली. बाहेर. प्रत्येकाला चाक. शेपट्या मध्ये एका जागी. चाकं आपापली फिरत होती आणि त्या सगळ्यांनी मिळून अख्खं झुंबर फिरत होतं.

मग मनात आलं, मी तर टोपी घालत नाही ना? मी भावजयीला हाक मारली. तिला काही सांगितलं नाही. फक्त म्हटलं, "डोळा लाव, दिसंल ते सांग."

"वन्सं, तुमी शहरात जाऊन पार येड्या झाल्या," ती म्हणाली आणि वाकली. बराच वेळ वाकलेलीच. "अगं बाई! झेंडूचं फूल हाय का काय? पण पाकळ्या वळवळत्यात. आन् समद्या पाकळ्यांला तोंड हाय!"

दुसऱ्याच दिवशी मी बाटली ओल्या फडक्यात गुंडाळली, हरसूलहून नाशिक आणि नाशिकहून सटाण्याची गाडी धरली. बाटली सगळा वेळ मांडीवर. गाडीत शेजारच्या बाईने विचारलं, तीर्थ आहे का? मी मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून, मलाच कळलं नाही. देवळा गाव मागे पडल्यावर मी बाटली उजेडाला धरली. कण तळाशी बसले होते. एकही गडगडत नव्हता. बाईंच्या त्या जुन्या बाटलीसारखंच झालं होतं. आता माझ्याकडे फक्त माझं सांगणं उरलं होतं.

बाई ओट्यावर बसल्या होत्या. आता कडेचंही काही दिसत नव्हतं. माझी चाहूल ऐकून म्हणाल्या, "कान आले वाटतं." पुतण्याच्या बायकोने पाणी आणून दिलं. बाईंनी सवयीने पेला उजेडाला धरला, मग माझ्याकडे केला. "कोणी आहे का गं?"

"नाही बाई. पेल्यात नाही. पण आमच्या तलावात आहे."

आणि मी सांगायला लागले. चाल, तोंडं, चाकं, शेपट्या. भावजय काय म्हणाली तेही सांगितलं. बाटलीतलं सगळं मेलं तेही सांगितलं. ओट्याखाली पुतण्या, शेजारचे दोघे जण उभे होते, तरी माझा घसा कोरडा पडला नाही.

बाईंनी विचारलं, "रंग?"

"रंग नाही. काचेसारखा."

"आणि डोक्यावर लाल टोपी?"

"नाही बाई. टोपी नाही."

त्यांच्या ओठांची हालचाल झाली. "शे," त्या म्हणाल्या, अगदी हळू. "शे ना मग. शेच." मग एकदम हात वर केला. "थांब. चष्म्याचे किती राहिलेत?"

"दोनशे."

"आधी ते दे. मिंध्या माणसाची साक्ष मी धरत नाही."

मी पदराची गाठ सोडली आणि शंभराच्या दोन नोटा त्यांच्या हातावर ठेवल्या. त्यांनी त्या अंगठ्याने चाचपल्या, घडी घातली, कमरेला खोचल्या.

"फिटले," त्या म्हणाल्या. "आता परत सांग, पहिल्यापासून. आधी चाल."